‘माग’, ‘पाठलाग’ आणि ‘डूख’ : सूडाच्या वेस्टर्नसाठी शब्द

प्रश्न : १८८०च्या दशकातला ॲरिझोना. एक फरारी आणि भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला घोडेस्वार, अशा वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेत घडणाऱ्या, कथेच्या अनुवादात ‘पाठलाग’ सारखा येतो. वेगळे शब्द सुचवाल का?

प्रतिसाद : पुढचा माणूस दिसत असेल, निदान टापा ऐकू येत असतील, तेव्हाच ‘पाठलाग’. तो दोन दिवस पुढे असेल तर घोडेस्वार त्याच्या ‘मागावर’ असतो. माग म्हणजे जमिनीवरची खूण. ती ‘लागते’, ‘काढतात’ आणि कातळावर किंवा पाण्यात ‘तुटते’. तुटली की प्रवाहाच्या दोन्ही काठांनी वरखाली फिरून घोडा कुठे बाहेर पडला ते शोधायचं. चालत्या घोड्याचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो, भरधाव घोड्याचे चार ठसे सुटे उमटतात आणि पुढच्या चारांपर्यंत मोठं अंतर राहतं. उन्हं कलती असताना ठशांच्या कडांची सावली पडते म्हणून माग स्पष्ट दिसतो. त्यामुळे भर दुपारी खडकाळ पठारावर ‘त्याने सहज माग काढला’ लिहू नका. अपाची या मूलनिवासी जमातीचा लढवय्या नेता जेरोनिमो याला गाठायला अमेरिकन सैन्याने माग काढणारे अपाचीच घेतले होते, इतकं हे कसबाचं काम. आपल्याकडे पेशवाईअखेर चोरीचा माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या जागल्याला, म्हणजे गावच्या राखणदाराला, पटवला की पुढची जबाबदारी त्याची, अशी रीत होती. मराठीत या शब्दाला असंही वजन आहे.

‘मागमूस’ मात्र नकारातच वापरा : ‘मागमूस उरला नाही’.

दुसरा प्रतिसाद : सूडाचेही प्रकार पाहा. ‘डूख धरणं’ ही मनातली अवस्था, सापाशी जोडलेली आणि वर्षानुवर्षं टिकणारी. ‘सूड उगवणं’ ही कृती. ‘वचपा’ आणि ‘उट्टं’ काढतात ते नुकसानीचं किंवा अपमानाचं, सामन्यातल्या हरण्याचंसुद्धा. भावाच्या खुनाला ते तोकडे पडतात. तुमच्या नायकाने आधी डूख धरलेला दाखवा, ‘सूड’ शेवटच्या गोळीसाठी राखून ठेवा.

‘परागंदा’ म्हणजे देशोधडीला लागलेला. त्याच्या मागे कुणी असेलच असं नाही, म्हणून इथे ‘फरारी’च बरोबर.

शेरीफने, म्हणजे तिथल्या कायदा राखणाऱ्या अधिकाऱ्याने, फरारीला पकडायला बोलावलेल्या नागरिकांना ‘टोळी’ म्हणू नका, वाचक त्यांनाच दरोडेखोर समजेल. ‘पथक’ सरकारी वाटतं. पहिल्यांदा ‘शेरीफने गोळा केलेले गावकरी’, पुढे नुसतं ‘गावकरी’ पुरेल.

आणि ‘जंगल’ टाळा. ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात निवडुंग, दगड आणि वाळू आहे. ‘रानोमाळ’ चालेल.