जेजुरीहून मोरगावमार्गे बारामती: माऊलींसोबत निघून तुकोबांच्या वारीत सामील होता येईल का?

भांडुपकर
नमस्कार मंडळी, दोन वर्षं आळंदीहून माऊलींसोबत फक्त सासवडपर्यंत चाललोय, ऑफिसची रजा तेवढीच मिळते. यंदा पंधरा-सोळा दिवस जमवलेत. डोक्यात असं आहे की दिवेघाट, सासवड आणि जेजुरीचा भंडारा माऊलींसोबत करायचा आणि पुढे तुकोबांच्या पालखीत जायचं, कारण काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण आणि बेलवाडीचं गोल रिंगण एकदा तरी डोळ्यांनी बघायचंय. नकाशात बघितलं तर जेजुरी–मोरगाव–बारामती असा सरळ रस्ता दिसतो. कोणी चाललंय का? की उगाच पायपीट?

ठाण्याचा_टाळकरी
चाललोय, एकदाच. रस्ता सोपा आहे, जुळवाजुळव अवघड. दोन्ही पालख्या पुण्यातून एकाच दिवशी निघतात. माऊली सासवडला दोन रात्री आणि मग जेजुरी, तोवर तुकोबा लोणी काळभोर, यवत करून वरवंडला. पुढच्या रात्री ते उंडवडी गवळ्याची आणि त्याच्या पुढच्या रात्री बारामती. म्हणजे तुझ्याकडे जेजुरी ते बारामती बरोबर दोन दिवस. जेजुरी–मोरगाव साधारण १७ किमी, मोरगाव–बारामती जवळपास ३५. पहिल्या दिवशी पहाटे चारला निघ, दहापर्यंत मयुरेश्वराचं दर्शन घे, दुपारी तिथेच पड आणि ऊन उतरल्यावर अजून सात-आठ किमी काढ, एखाद्या गावच्या देवळात झोप. नाहीतर दुसऱ्या दिवशी ३५ किमीत पायाची वाट लागते. तिथीप्रमाणे मुक्काम इकडेतिकडे होतात म्हणून यंदाचं वेळापत्रक आलं की पहिले ते बघ.

गंमत म्हणजे सासवड, मोरगाव, बारामती हे सगळं कऱ्हा नदीकाठचंच, त्यामुळे वाट तशी चुकत नाही. पण पालखी मार्गावर जसं दर पाचशे पावलांवर कोणी चहा, कोणी केळी, कोणी पाय चोळून द्यायला उभं असतं तसं इथे काहीच नाही. जिरायती पट्टा, झाडं कमी. दोन लिटर पाणी आणि चिक्की जवळ पाहिजेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅग!! आपलं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं. मी वेड्यासारखं जेजुरीत दिंडीतल्या एकाला सांगून निघालो की निरोप दे, आणि माझी बॅग माऊलींसोबत वाल्हे करून लोणंदला पोचली. मी बारामतीत एका धोतरावर दोन दिवस. अंथरूण पण नाही, पाऊस आला तेव्हा एका दुकानाच्या फळीवर रात्र काढली.

गिरगावचे_नाना
बाळा, राग मानू नकोस, पण वारी म्हणजे रिंगणांची टूर नाही. आमचे वडील एकाच दिंडीत, एकाच नंबरामागे आयुष्यभर चालले. पालखी बदलायची म्हणजे नीरेचं स्नान गेलं, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण गेलं. आणि मुक्कामाच्या तळावरची समाज आरती? हजारो लोक, चोपदाराने चोप उंच केला की सगळं चिडीचूप, मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचतात. तो एक क्षण मी कशासाठी सोडणार नाही.

भांडुपकर
नाना, नीरास्नान तुकोबांचं पण होतं ना सराटीला? पण समाज आरतीचं पटलं, जेजुरीची तरी चुकवणार नाही. दादा, बॅगेचं वाचून हसलो पण टेन्शन पण आलं. अजून एक विचारतो, मोरगावऐवजी वेळापूरहून अकलूजला जाऊन सामील झालं तर? ते तर अगदीच जवळ दिसतंय.

ठाण्याचा_टाळकरी
नकाशावर जवळ, तारखेत नाही. माऊली वेळापूरला येईपर्यंत तुकोबा अकलूज सोडून पुढे बोरगावला. आणि तू ज्या रिंगणांसाठी चाललायस ती केव्हाच होऊन गेलेली असणार. शिवाय दोन्ही पालख्या पुढे वाखरीच्या तळावर येतातच, एवढ्यासाठी एवढा उलटा फेरा कशाला.

नाना, तुमचं खरं आहे, पण काटेवाडीत धोतराच्या पायघड्यांवरून पालखी जाते आणि मग रथाभोवती मेंढ्या पळतात ना, ते बघून मी ढसाढसा रडलोय.

कल्याणची_ताई
बॅगेचा उपाय सोपा आहे. आधीच तुकोबांकडच्या एखाद्या दिंडीत भिशी (जेवण-मुक्कामाचे पैसे) भरून ठेव आणि मोठी बॅग पुण्यातल्या मुक्कामातच त्यांच्या ट्रकमध्ये टाक. जवळ फक्त छोटी पिशवी, एक सदरा, इरलं किंवा प्लॅस्टिक, आणि जास्तीचे मोजे. माऊलींकडच्या विणेकरी बुवांना मात्र आधी विचार, सरळ सांग की मी जेजुरीपर्यंतच आहे. न सांगता गायब झालास तर रात्री हजेरीला शोधाशोध होते, आमच्यात एकदा झाली होती.

आणि हो, घाबरलास तर बारामतीहून दौंडची गाडी आहे, तिथून मुंबई.

भांडुपकर
ताई धन्यवाद!! पुण्यात ट्रक नेमका कुठल्या पेठेत लावतात ते दिंडीवाल्यांना विचारतो. नाना, तुमच्या दिंडीचा नंबर मेसेज करा, जेजुरीत आरतीला तुमच्या शेजारी उभा राहतो.