मदत हवी आहे : जुन्या गाडीचं गॅस्केट घरीच बदलावं का?

मंडळी, माझी पेट्रोल गाडी १८ वर्षांची झाली. व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) कडेने, म्हणजे सांध्यातली गळती रोखणाऱ्या गॅस्केटपाशी, ऑइल झिरपतं आणि गरम एक्झॉस्टवर पडून जळका वास येतो. दोन स्पार्क प्लगच्या खळग्यांतही ऑइल सापडलं. कूलंट मात्र कमी होत नाही, ऑइल दुधाळ नाही, पांढरा धूरही नाही. म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं) शाबूत असावं, असा माझा कयास. (तसं नसेल तर आत्ताच सांगा, मन घट्ट करतो.)

मेकॅनिक म्हणतो, उघडतोच आहोत तर सगळीच गॅस्केटं बदलू. मजुरीचा आकडा ऐकून मलाच घाम फुटला. म्हणून निदान व्हॉल्व्ह कव्हरचं काम घरी करावं म्हणतो.

गॅस्केट रबरी आहे, तर सिलिकॉन सीलंट फक्त कोपऱ्यांत लावायचं ना? टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) विकत घेऊ की कुणाकडून मागून आणू? हाताच्या अंदाजाने आवळताना अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले, तर झाली बचत! जुनं रबर चिकटून बसलं असेल तर ओरखडा न पाडता कशाने काढता? आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साठणारे वायू बाहेर काढणारा) तुंबल्यानेही आत दाब वाढून गळती होते. स्वस्तातला आहे, तर आधी तोच बदलून पाहू का?