सहलीच्या शेवटच्या सोमवारी नागपुरात काय पाहावे?

पंचगंगाकाठ:
आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची विदर्भ सहल डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ताडोब्यापासून सुरू होत असून रविवारी रामटेक करून आम्ही नागपुरात मुक्कामाला येऊ. सोमवारचा पूर्ण दिवस शहरासाठी आहे आणि त्याच रात्री परतीची गाडी आहे. मंडळींपैकी बहुतेकांनी साठी ओलांडली आहे, काहींचे गुडघे दुखतात, आणि जिप्सीतले हादरे व गडावरची चढउतार यांमुळे तोवर सगळेच थकलेले असतील. प्रवास कंपनीने सोमवारसाठी अजब बंगला, महाराजबाग, नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, गोरेवाडा, दीक्षाभूमी, झीरो माइल, सीताबर्डीचा किल्ला, फुटाळा तलाव आणि खरेदी असा कार्यक्रम दिला आहे. यातले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे नागपूरकरांनी कृपया सांगावे.

धरमपेठकर:
सोडण्याचे बरेचसे काम सोमवारनेच करून ठेवले आहे. अजब बंगला म्हणजे १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, महाराजबाग, मोतीबागेतले नॅरोगेज संग्रहालय आणि गोरेवाडा ही चारही ठिकाणे सोमवारी बंद असतात. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि तो सर्वसामान्यांसाठी प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन अशा मोजक्या दिवशीच उघडतो. १८१७ साली आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज ज्या टेकडीवर लढले, ती तुम्हाला खालूनच पाहावी लागेल. यादी करणाऱ्याने वार पाहिलेला दिसत नाही.

दुसरी अडचण अशी की डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते. ते तुमच्या आठवड्यात चालू असले, तर कामकाजाच्या दिवशी मोर्चे निघतात, विधानभवनाच्या भोवतालचे रस्ते अडवले जातात, आणि झीरो माइलचा स्तंभ नेमका त्याच भागात आहे. शक्य असल्यास रविवार नागपूरला द्यावा आणि रामटेक सोमवारी करावे.

पंचगंगाकाठ:
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. रामटेक मात्र हलवता येणार नाही, कारण शनिवारी रात्रीचा मुक्कामच तिथे आहे आणि खोल्यांचे पैसे भरून झाले आहेत.

महालची सून:
शनिवारी मुक्काम रामटेकला असेल, तर अडचण निम्मी सुटली. रविवारी सकाळी लवकर गडमंदिर आणि कालिदास स्मारक पाहून नाश्त्यानंतर निघावे. रामटेक येथून सुमारे पन्नास किलोमीटर आहे आणि वाटेत कामठीला ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार लागते. जपानी सहकार्याने उभे राहून १९९९ साली खुले झालेल्या या विहारातील चंदनाची बुद्धमूर्ती आणि तिथली शांतता थकलेल्या माणसांना निश्चित मानवेल. तिथून दुपारी सरळ अजब बंगला गाठावा, म्हणजे तो रविवारीच होऊन जाईल. तेवढ्यातच झीरो माइलही उरकावा, कारण सुट्टीमुळे त्या बाजूला वर्दळ कमी असते. आमचे गाइड त्या स्तंभाला देशाचा मध्यबिंदू म्हणून मोकळे होतात. मुळात तो १९०७ सालचा, सर्वेक्षण खात्याचा मापनाचा दगड आहे आणि त्यावर जबलपूर, हैदराबाद, चांदा अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत. ताडोब्याहून येणाऱ्या मंडळींनी त्यातले चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, अवश्य शोधावे.

सोमवारची सकाळ मात्र पूर्णपणे दीक्षाभूमीला द्यावी आणि तिथे घड्याळ लावून कोणालाही उठवू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पुढचा सोहळा दोन दिवसांनी चंद्रपुरात झाला, म्हणजे तुमच्या सहलीची दोन्ही टोके या एका घटनेने जोडलेली आहेत. सांचीच्या धर्तीवरचा हा स्तूप आतून पोकळ असल्यामुळे प्रत्यक्ष घुमटाखाली बसता येते. बहुतेक सहली बाहेरून छायाचित्र काढून अर्ध्या तासात निघतात, हे मला फार खटकते.

त्यानंतर महाल. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली वसवलेले आणि पुढे भोसल्यांनी वाढवलेले जुने नागपूर हेच आहे. गांधी गेट, म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा, तिथून आत शिरले की वाडे, देवळे आणि बाजार सलग भेटतात. शहर पाहिले असे म्हणायचे असेल, तर हे पाहिल्यावाचून म्हणता येत नाही.

धरमपेठकर:
रविवारचा बदल उत्तम आहे. महालाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. मोठी बस त्या गल्ल्यांत जात नाही, दुपारच्या गर्दीत चालणे तरुणांनाही जड जाते, आणि गुडघे दुखणाऱ्यांचा हट्टाने प्राण काढण्यात अर्थ नाही. त्याऐवजी सीताबर्डीहून लोकमान्य नगरकडे जाणारी मेट्रो घ्यावी. उद्वाहन आहे, बसायला जागा मिळते, आणि वाटेत अंबाझरी तलाव वरून दिसतो.

महालची सून:
दोन गट करावेत, इतकेच. चालू शकणाऱ्यांनी बस गांधीसागर तलावाजवळ सोडून गांधी गेटपर्यंत जाऊन यावे आणि बाकीच्यांनी समोरच्याच रमण विज्ञान केंद्रात बसावे; ते सोमवारीही उघडे असते. मेट्रोला माझा विरोध नाही, ती दीक्षाभूमीनंतर लगेच करता येईल.

जेवणाबद्दल कोणी विचारले नाही, तरी सांगते. सकाळी तर्री पोहे जरूर खावेत, पण तर्री वेगळ्या वाटीत मागावी. तांबडा-पांढरा पचवणाऱ्या कोल्हापूरकरांना आमच्या सावजी रश्श्याची भीती घालण्यात अर्थ नाही. तरीही रात्रभराच्या रेल्वे प्रवासापूर्वी तो नको. दुपारी वडाभात किंवा गोळाभात आणि सोबत सांबारवडी असे साधे जेवण बरे. कोथिंबिरीला येथे सांबार म्हणतात, त्यामुळे वडीत डाळीचे सांबार शोधू नये.

निवृत्त रेल्वेवाला:
खरेदीपुरते लिहितो. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. सैल सालीचे फळ दाबले की लगेच बिघडते, म्हणून पिशवीत न भरता भोके असलेल्या खोक्यात बांधून घ्यावे आणि खोके गाडीत बाकाखाली सामानाच्या तळाशी ढकलू नये. संत्रा बर्फी शेवटच्या दिवशीच घ्यावी. स्थानकाला पूर्वेकडे संत्रा मार्केटच्या बाजूनेही प्रवेश आहे. आपली गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे पाहून त्यानुसार बसचालकाला बाजू आधीच सांगून ठेवावी, नाहीतर इतक्या वयस्कर माणसांना सामानासह पूल ओलांडावा लागेल.