छोटी तपकिरी बदकं : चक्रांग की भुवई? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव निफाड तालुक्यात. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाणं दोन महिन्यांतून एकदा जमतं, म्हणून यंदा दिवाळीपासून मुलीला घेऊन गावाबाहेरच्या पाझर तलावावरच जातोय. ती चौथीत आहे, नोंदवही तिचीच.

हळदी-कुंकू बदकाची अडचण नाही. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके, आणि बाराही महिने इथेच. थापट्याची मादीही त्या फावड्यासारख्या चोचीमुळे चुकत नाही. अडलंय ते पंधरा लहान बदकांपाशी. सगळी तपकिरी, नर म्हणावा असा एकही नाही. पाणकणसाच्या कडेने चरत असतात. रविवारी शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली नि सगळी एकदम सरळ वर उठली. तेवढ्यात पंखावर हिरवा चट्टा चमकला, निदान आम्हा दोघांना तरी तसं वाटलं.

चक्रांग आणि भुवई, हिवाळ्यात येणाऱ्या या दोन्ही लहान बदकांच्या माद्यांची चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली, फरक कळत नाही. वहीत नावाची जागा कोरी आहे आणि तिथे चुकीचं नाव जाऊ नये असं फार वाटतं. दुर्बीण ८×४२. सकाळी सात ते साडेआठ पश्चिमेच्या बांधावर बसतो. मोबाइलच्या फोटोत नुसते ठिपके आलेत. नेमकं कुठे पाहायचं, जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

आधी जागा बदला. त्या बांधावर सकाळचं ऊन समोरून येतं, बदक नुसतं काळं दिसणार. पूर्वेच्या काठाला बसा.

मग चेहरा पाहा. भुवईच्या मादीला डोळ्यावर ठळक फिकट रेघ, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका आणि गालावर आणखी एक गडद पट्टा असतो. चक्रांगचा चेहरा त्यामानाने साधा, पण शेपटीच्या बाजूला पांढुरकी रेघ असते. बसल्या बदकात ती खूण फार कामाची. नुसत्या हिरव्या चट्ट्यावर जाऊ नका.

आणि सगळ्या माद्याच आहेत असं धरू नका. आपल्याकडे येतात तेव्हा बरेच नर मादीसारख्याच पिसांत असतात. चक्रांग नराचं तांबूस डोकं नि हिरवा पट्टा पुढे हिवाळ्यात खुलतो, भुवईचा नर त्याहूनही उशिरा रंग धरतो. जात राहा.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज पूर्वेकडे, बाभळीखाली बसलो. नऊ बदकांच्या शेपटीशी ती रेघ स्वच्छ दिसली, मुलीला माझ्याआधी. बाकीची पाणकणसातून बाहेरच आली नाहीत. वहीत तिने लिहिलंय : ‘चक्रांग ९. आणखी ६, चेहरा दिसला नाही.’ रविवारी परत जातोय.