अनुभव धागा: सवलतीत मिळणारा छोटा डेस्कटॉप, तोही सगळ्यात खालचं मॉडेल. घ्यावा का?

सध्या माझ्यासमोर तीन पर्याय आहेत आणि तिन्हींवर भरघोस सवलत लिहिली आहे. पहिला, ॲपलचा एम४ चिपचा मॅक मिनी, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण, म्हणजे त्या मालिकेतलं सगळ्यात खालचं मॉडेल. दुसरा, इंटेल एन१०० प्रोसेसरची, पंजात मावेल अशी डबी. तिसरा, कुठल्यातरी कार्यालयातून निघालेला, साफसूफ करून विकायला ठेवलेला जुना मिनी पीसी. जाहिराती वाचून झाल्या, चाचण्यांचे आलेख बघून झाले. त्यावरून सगळेच वेगवान आहेत एवढंच कळतं.

म्हणून हा धागा. कशासाठी घेतलात, यंत्राव्यतिरिक्त आणखी काय काय घ्यावं लागलं, आता कसा चालतोय ते लिहा. घ्यायचा विचार करून सोडून दिला असेल तर तेही लिहा; तो अनुभव मला जास्त हवा आहे. 'अमुकच घे' असा सल्ला मात्र नको.

*

पहिल्या पर्यायाबद्दल लिहिते. माझं काम लिखाण, फोटो आणि थोडंफार व्हिडिओ जोडणं. एम४ मिनी सवलतीतच घेतला, खालचंच मॉडेल. आधीच्या एम१ आणि एम२ मिनीत सुरुवातच ८ जीबी रॅमपासून व्हायची, तेव्हा मी घ्यायचं टाळलं होतं. २०२४च्या मॉडेलपासून सुरुवातीलाच १६ जीबी मिळू लागली आणि तिथेच माझा निर्णय झाला. रॅम चिपसोबतच बसवलेली असते, नंतर काही केल्या वाढवता येत नाही.

साठवणीचं तसं नाही. २५६ जीबी कमीच आहे, पण ती बाहेरून वाढवता येते. ५१२ जीबीचं मॉडेल घ्यायचं तर मूळ यंत्राच्या साधारण एक तृतीयांश रक्कम वर मोजावी लागत होती, आणि वर रॅमही वाढवली तर नाकापेक्षा मोती जड. मी यूएसबी-सीवर चालणारी १ टीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) घेतली आणि फोटोंची सगळी लायब्ररी तिच्यावर हलवली. इथे एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणाऱ्या एक्सफॅट फॉरमॅटमध्ये असेल तर ॲपलच्या फोटो ॲपची लायब्ररी तिच्यावर ठेवता येत नाही. ती एपीएफएस, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये, करून घ्यावी लागते, आणि तसं करताना डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

बाकी किरकोळ. पॉवरचं बटण खाली, बुडाशी मागच्या कोपऱ्यात आहे. त्यावरून लोकांनी इतका कल्लोळ का केला मला कळत नाही, मी मशीन बंदच करत नाही, नुसतं झोपवते. जुन्या चौकोनी यूएसबीचं एकही भोक नाही, त्यामुळे हब घ्यावा लागला. पंखा आहे म्हणतात, मी अजून ऐकलेला नाही.

*

न घेतल्याचा अनुभव हवा आहे ना, मग हा घ्या.

सवलतीचा आकडा पाहून मीही हुरळलो होतो. मग कागद घेतला आणि उरलेलं सगळं मांडलं: मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, वेबकॅम, बरा माइक, स्पीकर, एचडीएमआय केबल, आणि वीज गेल्यावर काम वाचवायला यूपीएस. मॅक मिनीच्या खोक्यात यंत्र आणि पॉवर केबल, बास. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. इतकी वर्षं लॅपटॉपवर काढलेली. बेरीज मधल्या दर्जाच्या लॅपटॉपच्या बरीच पुढे गेली. लॅपटॉपमध्ये पडदा, कॅमेरा, बॅटरी सगळं एकत्रच असतं, हे आपण इतकं गृहीत धरतो की त्याची किंमत डोक्यातच येत नाही.

शेवटी लॅपटॉपच घेतला. ज्यांच्याकडे चांगला मॉनिटर आधीपासून आहे त्यांचं गणित अगदी उलटं येईल, हेही खरं.

*

एन१००ची डबी माझ्याकडे आहे, पण ती टीव्हीमागे. चार गाभे (कोअर), कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झ, आणि प्रोसेसरची ठरवून दिलेली खपत फक्त ६ वॉट. सिनेमे, गाणी, घरातल्या सगळ्यांच्या फोटोंची साठवण आणि रोजचा बॅकअप एवढं काम ती चोवीस तास करते. एव्ही१ (व्हिडिओ दाबून छोटा करायची नवी पद्धत) चे व्हिडिओ थेट हार्डवेअरवर उलगडते, म्हणून ४के चित्रही अडखळत नाही. या कामाला हिच्यापेक्षा मोठं यंत्र लावणं म्हणजे उधळपट्टी.

पण मुख्य संगणक म्हणून? ब्राउझरमध्ये वीस टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि त्यातच मोठी एक्सेल फाइल उघडली की ती दमते. सरळ दमते. काम होतं, पण क्लिक केल्यावर क्षणभर वाट बघायची सवय लावून घ्यावी लागते.

घेताना '४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी' (ईएमएमसी म्हणजे साधी, स्वस्त साठवण) असं लिहिलेलं मॉडेल दिसलं तर कितीही स्वस्त असो, पुढे सरका. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरजच ४ जीबी आणि ६४ जीबी आहे. म्हणजे यंत्र पहिल्या दिवसापासून काठावर. ओळखीतल्या एकांकडे अशी डबी आहे. विंडोजचं मोठं अपडेट आलं की जागा कमी असल्याचा निरोप येतो, मग ते डाउनलोडचं फोल्डर रिकामं करतात, पेन ड्राइव्ह लावतात, पुन्हा सुरू करतात. ईएमएमसी बोर्डावरच जोडलेली असते, बदलायचा प्रश्नच नाही.

*

आता तिसऱ्या पर्यायाबद्दल, सविस्तर. मी गेली काही वर्षं असेच कार्यालयांतून निघालेले मिनी पीसी घेतोय, नातेवाईकांना लावून देतोय. लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी, सगळे साधारण एक लिटर आकारमानाचे. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी शेकड्याने यंत्रं बदलतात, तोच माल बाजारात येतो. बांधणी मजबूत असते, कारण कार्यालयात रोज दिवसभर चालायचं म्हणूनच ती बनवलेली असतात.

सवलत का मिळतेय ते आधी बघा. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलच्या बाजूने चालणाऱ्या प्रोसेसरची अधिकृत यादी जवळजवळ आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं ढिगाने बाहेर पडली आहेत, आणि सगळ्यात मोठी 'सवलत' त्यांच्यावरच दिसते. प्रोसेसरच्या नावावरून पिढी ओळखायची खूण सोपी. आय५-६५००टी म्हणजे सहावी पिढी, आय५-८५००टी म्हणजे आठवी. मधल्या रेघेनंतर चार आकडे असतील तर त्यातला पहिला बघायचा. विक्रेता नुसतं 'कोअर आय५' लिहून थांबला असेल तर पुढचे आकडे विचारून घ्या, त्याशिवाय बोलणं पुढे नेऊ नका. या दोघांत फरकही मोठा आहे: ६५००टीला चार गाभे, ८५००टीला सहा, आणि दोन्ही ३५ वॉटचेच.

लिनक्स चालवणार असाल तर मात्र सहाव्या पिढीचं यंत्र खुशाल घ्या. मी एक तसं लावून दिलंय, ब्राउझर आणि पत्रव्यवहार एवढ्यापुरतं ते छान चालतं.

यंत्र हातात आल्यावर मागचा एक स्क्रू काढायचा आणि झाकण सरकवायचं. आत लॅपटॉपच्या रॅमसाठी दोन खाचा, एम.२ एसएसडीची एक जागा, आणि बहुतेकांत अडीच इंची डिस्कचा कप्पा. पंख्यात धूळ असतेच, ती ब्रशने काढायची. मग प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. एवढ्याने पंख्याचा आवाज निम्म्यावर येतो असा माझा अनुभव आहे.

विकत घेण्याआधी विचारायच्या गोष्टी: बायोसला (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड आहे का (असेल तर नाही म्हणा), वायफायचं कार्ड आत आहे का (कार्यालयात नेटवर्कची तार असते, म्हणून पुष्कळदा कार्डच नसतं), आणि मूळ अडॅप्टर मिळणार का. अडॅप्टरचं जरा जास्तच सांगतो. काही यंत्रं अनोळखी अडॅप्टर लावला की सुरू होतात, पण प्रोसेसरचा वेग गुपचूप खाली आणतात. मालक म्हणतो यंत्र जुनं झालं, आणि दोष असतो अडॅप्टरचा.

*

छोटीशी भर. ४के मॉनिटर जोडणार असाल तर एचडीएमआयची आवृत्ती बघा. १.४ असेल तर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. कागदावर '४के सपोर्ट' खरंच असतो, पण माउसचा बाण पाण्यातून ओढल्यासारखा हलतो. २.० हवं, किंवा डिस्प्लेपोर्ट.

*

माझं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. सवलत होती मॅक मिनीवर, तीही २०१८च्या इंटेलवाल्या मॉडेलवर, न वापरलेलं, खोकं बंद. विकणारा म्हणाला, 'यात विंडोज टाकता येते, नव्या मॅकमध्ये नाही.' बोलणं खरं होतं. बूट कॅम्पची, म्हणजे मॅकवर थेट विंडोज टाकायची, सोय ॲपलच्या स्वतःच्या चिपवर नाहीच, तिथे विंडोज चालवायची तर दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात, आणि तीही एआरएम प्रकारच्या चिपसाठीची. पण दुसरी बाजू त्याने सांगितली नाही. २०२५मध्ये आलेलं मॅकओएस टाहो त्या मिनीवर चालत नाही, आणि इंटेल मॅकसाठी मुळात तीच शेवटची आवृत्ती. विंडोजच हवी, तर विंडोजचं यंत्र का नको? मी वरच्या दादांसारखा आठव्या पिढीचा मिनी पीसी घेतला आणि विषय संपवला.

*

गेमिंगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अशा डब्यांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, चित्राचं काम रॅममधूनच चालतं. माझ्या एएमडी रायझन प्रोसेसरच्या मिनी पीसीत विक्रेत्याने ८ जीबीची एकच पट्टी बसवलेली, दुसरी खाच मोकळी. तशीच दुसरी पट्टी आणून लावली आणि जुने खेळ एकदम सुरळीत झाले. हे नुसतं रॅम वाढल्यामुळे नाही, दोन पट्ट्या असल्या की रॅमला जाण्यायेण्याचा रस्ताच दुप्पट रुंद होतो. पण एन१००वाल्यांनी याच्या मागे लागू नका, त्या प्रोसेसरला मुळात एकच रस्ता आहे.

*

'नवं मॉडेल येईल, थांबू' असं म्हणणाऱ्यांसाठी. एम१चा मिनी आला नोव्हेंबर २०२०मध्ये, एम२चा जानेवारी २०२३मध्ये, आणि एम३चा मिनी कधी आलाच नाही. पुढचा थेट एम४, नोव्हेंबर २०२४मध्ये. आमच्या घरी एकजण एम३ची वाट बघत जुन्या खटाऱ्यावर कुढत बसला होता. गरज आत्ता असेल तर सवलतीत मिळतंय ते घ्यावं या मताची मी आहे. फक्त काट मारलेल्या 'मूळ किमती'वर विश्वास ठेवू नये. तोच माल मागच्या महिन्यात कितीला होता ते बघावं. मी एका डबीवर नजर ठेवली होती: सेल लागण्याआधी मूळ किंमत वर गेली, मग सवलत लागली, आणि हातात द्यायची रक्कम होती तिथेच आली.

*

अनोळखी कंपनीची स्वस्त डबी घेतलीत तर पहिल्या दिवशी एवढं करा: आतली विंडोज पुसा आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेली ताजी टाका. आयती टाकून दिलेली विंडोज कुणी, कशी टाकली हे आपल्याला माहीत नसतं. काही डब्यांत मोठ्या संस्थांसाठीचा परवाना वापरलेला सापडतो. तो आपला नसतो आणि कधीही बंद पडू शकतो. ताजी टाकल्यावर ॲक्टिव्हेशन होत नसेल, तर परत करायची मुदत संपायच्या आत डबी परत. मी तशी एक परत केली आहे, विक्रेत्याने कुरकुर न करता घेतली.

परतीच्या मुदतीतच आणखी एक करून पाहावं. संध्याकाळभर ४के व्हिडिओ लावून ठेवा, सोबत मोठ्या फाइलींची कॉपी चालू द्या आणि डबीवर हात ठेवून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल आणि वेग घसरत असेल, तर ती उन्हाळा काढणार नाही.

*

वर ज्यांनी कार्यालयी यंत्रांबद्दल लिहिलं त्यांना एक विचारायचं होतं. आय५-८५००टीसोबत ६५ वॉटचा अडॅप्टर पुरतो का? मला विकणारा ९०चा देतो म्हणतोय, वर थोडे पैसे घेऊन. आणि यंत्र मॉनिटरच्या मागे लावायचं आहे.

*

३५ वॉटच्या प्रोसेसरला ६५ पुरतो, माझ्याकडची सगळी त्याच्यावरच आहेत. फक्त त्याच कंपनीचा आणि त्याच पिनचा असू दे. ९०साठी वेगळे पैसे देऊ नका, त्या पैशात एखादी रॅमची पट्टी येते का ते विचारा. मागे लावायचं तर मॉनिटरच्या पाठीवर १०० बाय १०० मिमी अंतराची चार स्क्रूची भोकं आहेत का बघा, काहींना ७५ बाय ७५ असतात. आणि लावताना पंख्याची जाळी मॉनिटरच्या पाठीला चिकटू देऊ नका, बाजूला मोकळी ठेवा. पॉवरचं बटणही कुठल्या बाजूला येतंय ते स्क्रू आवळायच्या आधी बघून घ्या.