पक्ष्यांच्या शिकारीच्या नियमांवर सरकार मतं मागवतंय, आपण लिहून काही उपयोग?

खंड्या_ओंटारिओ: नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात दक्षिण ओंटारिओत राहतो, गावाच्या कडेला तळं आहे. सप्टेंबर लागला की धड उजाडलेलंही नसतं आणि ढुम् ढुम् चालू, लेक पांघरुणातून विचारते बाबा दिवाळी आली का. आता कळलं की फेडरल सरकार स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीच्या नव्या नियमांवर लोकांची मतं मागवतंय. पीडीएफ उघडली तर नुसते तक्तेच तक्ते. मी शिकारी नाही, जत्रेत फुगे फोडले तेवढीच बंदूक. माझ्यासारख्याचं कोण वाचणार? आणि लिहू काय, "शिकार बंद करा" एवढंच सुचतंय.

टिटवी७: लिहा की, ते फक्त शिकाऱ्यांसाठी नाहीये. पण "बंद करा" लिहिलंत तर पालथ्या घड्यावर पाणी, कारण तो प्रश्न विचारलेलाच नाही. १९१६ च्या अमेरिकेबरोबरच्या करारातच शिकारीचा सीझन धरलेला आहे, साडेतीन महिन्यांच्या वर नाही एवढंच. दर दोन वर्षांनी जे बदलतं ते म्हणजे कुठला पक्षी, कुठल्या तारखेपासून आणि माणशी दिवसाला किती. तुम्ही तळ्यावर रोज जाता ना, मग तारीख घालून तुमचे आकडे द्या.

आणि आवाजाचं म्हणाल तर सूर्योदयाआधी अर्धा तास बार टाकायला परवानगीच असते. पण दक्षिण ओंटारिओत रविवारी बंदुकीनं शिकार करायची की नाही हे नगरपालिका ठरवते, ते भांडण तिकडे जाऊन भांडा.

गव्हाचं_शेत: मॅनिटोबाहून. मी पण शिकारी नाही पण दुसरी बाजू ऐका. स्नो गूज, म्हणजे पांढरे रानहंस, इतके झालेत की उत्तरेला हडसन बेच्या काठावर मुळासकट गवत उपटून जमीन उघडी पाडतात, म्हणून तर त्यांच्यासाठी वसंतातही वेगळा सीझन काढला. शेजाऱ्यानं एकदा गूज आणून दिला, बायकोनं काळा मसाला घालून रस्सा केला आणि पहिल्याच घासाला दाताखाली टक्! स्टीलचा छर्रा. म्हटलं नशीब शिसं नाही. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९९ पासून देशभर बंद आहेत, कारण पडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. असले नियम कुणीतरी लावून धरले म्हणूनच आले ना.

उजनीकाठ: आमच्याकडं भिगवणला पट्टकदंब येतात, फ्लेमिंगो येतात. हितं मतं मागवायचा विषयच नाही, १९७२ च्या कायद्यात आधी लायसनवर शिकार चालायची, १९९१ च्या दुरुस्तीनं तेही गेलं. पण कागदावर बंद असलं तरी रात्री जाळी लावणारा लावतोच, आणि ते बघायला माणूस नसतो. तुमच्याकडं मोजून मारतात, आमच्याकडं न मोजता. कुठलं बरं ते तुम्हीच सांगा.

खंड्या_ओंटारिओ: काल रात्री बसून डायरी काढली. ब्लॅक डक (काळपट रानबदक), शिकार सुरू व्हायच्या आदल्या रविवारी १४, पुढच्या रविवारी २. आता ते मेले का नुसते उडाले हे मला काय ठाऊक, तसंच लिहिलंय. टिटवी, एवढं पुरेल का अजून मागची वर्षं पण टाकू?

टिटवी७: मागची टाकाच, एका वर्षावरून ते काही धरत नाहीत. आणि "मेले का उडाले ठाऊक नाही" हे वाक्य काढू नका.