मदत हवी आहे: चिखलदऱ्याला एका दिवसात झिपलाईन आणि गाविलगड, दोन्ही जमेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही अंजनगाव सुर्जीकडचे. दिवाळीत बहीण दोन पोरं घेऊन माहेरी येते. या वेळी भाच्यांना शब्द दिलाय, कापूस वेचणीतून एक दिवस काढून चिखलदऱ्याला नेईन. परतवाड्याहून पहाटे घाट चढायचा, संध्याकाळी परत.

पोरांना आमझरीची झिपलाईन (पट्टा बांधून तारेवरून घसरत जायचा खेळ) हवी, मला गाविलगड दाखवायचाय. १८०३ साली इंग्रजांनी जिंकलेला हा किल्ला, पण आमच्या गावातल्या निम्म्या पोरांनी तो पाहिलेलाही नाही. भीमकुंडाची दरी वाटेतच आहे.

खरी काळजी धाकट्याची. तो ९ वर्षांचा, वजन जेमतेम २४ किलो. मागे दुसऱ्या एका ठिकाणी त्याला मोठ्या माणसाचा पट्टा बांधला होता. मांडीच्या पट्ट्यात माझी अख्खी मूठ जात होती. मी तिथूनच त्याला खाली उतरवलं. शिवाय हलकं पोर तारेवर मध्येच थांबतं, मग माणूस जाऊन ओढून आणतो. पोर घाबरतं ते तिथेच.

तर कोणी नुकतंच जाऊन आलं असेल तर सांगा: लहान मापाचे पट्टे मिळतात का? वजनाची कमीत कमी अट किती? आणि आधी किल्ला करावा की झिपलाईन? मला वाटतं किल्ला सकाळी, उन्हाच्या आत. आईचे गुडघे दुखतात, तिला देवी पॉइंटला बसवलं तर चालेल ना?